क्लेअर घराण्याची वंशावळ जमिनीच्या आधाराने कशी वाचावी

प्रश्न असा विचारण्यात आला आहे : इंग्लंडमधील क्लेअर घराणे 1314 मध्ये बॅनकबर्नच्या लढाईत संपले असे सर्वत्र लिहिलेले असते, मात्र त्याच घराण्याच्या जमिनी पुढे दीडशे वर्षे निरनिराळ्या आडनावांच्या सरदारांकडे दिसतात, शिवाय आधीच्या पिढ्यांमध्येही वेल्स आणि आयर्लंडमधील मोठमोठे मुलूख अचानक या घराण्याकडे आलेले दिसतात. मग वंशावळ आणि जमीन यांचा मेळ कसा लावायचा?

मध्ययुगीन इंग्रजी सरदारांच्या जमिनींचे दफ्तर वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की अडचण माहितीच्या अभावाची नाही, वंशावळ मांडण्याच्या पद्धतीची आहे. बापापासून थोरल्या मुलापर्यंत एक उभी रेघ ओढायची आणि मुली, विधवा, धाकट्या शाखा बाजूला लहान अक्षरांत लिहायच्या, ही आपली सवय आहे. मीही सुरुवातीला क्लेअरांचा तक्ता असाच काढला होता आणि आयर्लंडमधील किल्केनी त्यांच्याकडे कोठून आले हे त्या तक्त्यावरून मला कधीच उलगडले नाही. या घराण्याची मूळ मिळकत तलवारीने मिळाली हे खरे. परंतु त्यानंतरची जवळजवळ प्रत्येक मोठी भर स्त्रियांच्या वारशाने पडली आणि शेवटी मिळकत फुटली तीही स्त्रियांच्याच वारशाने.

आरंभापासून पाहू. नॉर्मंडीचा ड्यूक पहिला रिचर्ड याचा अनौरस मुलगा गॉडफ्री, त्याचा मुलगा ब्रिऑनचा काउंट गिल्बर्ट, आणि गिल्बर्टचा मुलगा रिचर्ड, असा हा क्रम आहे. 1066 च्या स्वारीनंतर या रिचर्डला केंटमधील टनब्रिज आणि सफकमधील क्लेअर ही दोन ठाणी मिळाली. 1086 च्या डूम्सडे पाहणीत त्याच्या जमिनी सफक, एसेक्स, सरे आणि केंट या परगण्यांत पसरलेल्या दिसतात. ‘क्लेअर’ हे आडनाव या सफकमधील गावावरून पुढे रूढ झाले. पहिल्या पिढ्या स्वतःला ‘अमक्याचा मुलगा’ एवढेच म्हणवून घेत. एका मोठ्या ठाण्याभोवती गुंफलेल्या अशा विखुरलेल्या गावांच्या आणि सरदारी हक्कांच्या समूहाला ‘ऑनर’ म्हणत. नकाशावर सलग प्रदेश शोधू लागलात तर ऑनर सापडणार नाही. एकाच ऑनरची गावे चार-पाच परगण्यांत असत आणि त्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे त्या गावांचे धारकरी एकाच धन्याच्या दरबारात हजेरी देत आणि त्याच्यासाठी घोडेस्वारांची सेवा देण्यास बांधलेले असत.

या पहिल्या रिचर्डची पत्नी रोहीस ही वॉल्टर गिफर्डची मुलगी. लग्नाच्या वेळी तिच्याकडून फार मोठा वारसा मिळण्याचे काही चिन्ह नव्हते, कारण तिचा भाऊ हयात होता आणि त्याला पुढे मुलगाही झाला. पण 1164 मध्ये गिफर्डांची पुरुषशाखा निःसंतान संपली आणि रोहीसच्या लग्नानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, पहिल्या रिचर्ड राजाच्या आरंभीच्या काळात, गिफर्डांचा ऑनर तिच्या वंशजांत अर्धा-अर्धा वाटला गेला. एक अर्धा मुख्य शाखेतील हर्टफर्डचा अर्ल (उच्च दर्जाचा सरदार) रिचर्ड द क्लेअर याला मिळाला. दुसरा अर्धा धाकट्या शाखेची वारस इझाबेल हिच्या नावाने तिचा नवरा विल्यम मार्शल याच्याकडे गेला. वंशावळीत एका सुनेच्या माहेरचे नाव गाळले तर हा सबंध व्यवहार अनाकलनीय होतो. म्हणून माझा पहिला नियम असा की प्रत्येक सुनेचे माहेर किमान तीन पिढ्या मागे लिहून ठेवावे, तेथून काही आलेले नसले तरी.

धाकट्या शाखेबद्दल येथेच सांगून टाकतो, कारण ती पुढे परत येते. मुख्य शाखेच्या गिल्बर्ट फिट्झ रिचर्डचा (म्हणजे रिचर्डचा मुलगा गिल्बर्ट याचा, मृत्यू 1117) एक धाकटा मुलगा गिल्बर्ट 1138 मध्ये पेम्ब्रोकचा अर्ल झाला. त्याचा मुलगा रिचर्ड म्हणजे इतिहासात ‘स्ट्राँगबो’ या नावाने प्रसिद्ध असलेला, आयर्लंडमध्ये उतरून लेन्स्टरच्या राजाची मुलगी ईफा हिच्याशी लग्न करणारा सरदार. 1176 मध्ये तो वारला. त्याचा मुलगा वयात येण्यापूर्वीच गेला आणि लेन्स्टर, पेम्ब्रोक, चेपस्टो ही सगळी संपत्ती मुलगी इझाबेल हिच्याकडे आली. 1189 मध्ये तिचे लग्न विल्यम मार्शलशी झाले. क्लेअरांची आयर्लंडमधील मिळकत अशा रीतीने आडनाव बदलून मार्शलांची झाली.

मुख्य शाखेचे भाग्य उजळले ते ग्लॉस्टरच्या वारशामुळे. पहिल्या हेन्री राजाचा अनौरस मुलगा रॉबर्ट याने ग्लॅमॉर्गन जिंकणाऱ्या रॉबर्ट फिट्झ हेमनची मुलगी मेबल हिच्याशी लग्न करून ग्लॉस्टरचा प्रचंड ऑनर मिळवला होता. 1166 च्या राजदरबारी नोंदीत त्याखाली 260 हून अधिक घोडेस्वारी धारणा (प्रत्येकी एका घोडेस्वाराच्या सेवेला बांधलेल्या जमिनी) मोजलेल्या आहेत. रॉबर्टचा मुलगा अर्ल विल्यम 1183 मध्ये वारला तेव्हा त्याच्यामागे तीन मुली होत्या : मेबल, अमिसिया आणि इझाबेल. धाकट्या इझाबेलचे लग्न राजपुत्र जॉनशी लावण्यात आले आणि वारसा जॉनच्या हातात गेला. राजा झाल्यावर त्याने 1199 मध्ये तिच्याशी असलेला विवाह रद्द करवून घेतला, परंतु तिच्या जमिनी सोडल्या नाहीत. मेबलचा मुलगा 1213 च्या सुमारास निःसंतान गेला. इझाबेल 1217 मध्ये, तिसऱ्या विवाहानंतर, मूल न होताच वारली. उरली अमिसिया, आणि ती हर्टफर्डचा अर्ल रिचर्ड द क्लेअर याची पत्नी होती. रिचर्ड त्याच वर्षी वारला आणि त्याचा मुलगा गिल्बर्ट हा हर्टफर्ड व ग्लॉस्टर या दोन्ही अर्लपदांचा धनी झाला. तीन बहिणींपैकी दोघींची शाखा खुंटल्यामुळे तिसरीच्या मुलाला सगळे मिळाले. येथे कोणताही पराक्रम नव्हता, राजाची विशेष कृपाही नव्हती.

याच गिल्बर्टने 1217 मध्ये विल्यम मार्शलची मुलगी इझाबेल हिच्याशी लग्न केले. विल्यम मार्शल 1219 मध्ये वारला तेव्हा त्याला पाच मुलगे होते. त्या दिवशी या लग्नातून जमीन येईल असे कोणी म्हटले असते तर ते कोणालाही पटले नसते. पण विल्यम 1231 मध्ये, रिचर्ड 1234 मध्ये, गिल्बर्ट 1241 मध्ये, वॉल्टर आणि आन्सेल्म 1245 च्या अखेरीस एकामागून एक, असे पाचही भाऊ वैध संतती न ठेवता गेले. मग वारसा पाच बहिणींकडे गेला आणि 1247 मध्ये वाटणी झाली. इंग्रजी कायद्याचा येथे कळीचा असलेला नियम मुळाशी जाऊन समजून घ्यायला हवा. मुलगे असतील तर थोरल्याला सर्व, धाकट्यांना हक्काने काही नाही. मुलगा नसेल आणि मुली असतील तर मात्र थोरली-धाकटी हा भेद नाही. सर्व मुली समान हिश्शाच्या सहवारस. मृत मुलीच्या जागी तिची मुले उभी राहतात आणि तिचा हिस्सा घेतात. त्यामुळे बिगॉड घराण्यात दिलेल्या मॉडला कार्लो गेले, इझाबेलच्या मुलाला, म्हणजे क्लेअरांना, किल्केनी आणि वेल्समधील अस्क मिळाले, आणि सिबिल हिच्या पाचव्या हिश्शाचे तिच्या सात मुलींमध्ये पुन्हा सात तुकडे झाले. म्हणजे मूळ मिळकतीचा पस्तिसावा भाग अशी अपूर्णांकांची भाषा दफ्तरात दिसू लागली की समजावे, दोन पिढ्या सलग मुलींचा वारसा झाला आहे. स्ट्राँगबोच्या धाकट्या शाखेतून बाहेर गेलेली लेन्स्टरची जमीन याप्रमाणे सात दशकांनी, दोन इझाबेलांमार्गे, क्लेअर आडनावाच्या मुख्य शाखेकडे अंशतः परतली. माझ्या तक्त्यातील किल्केनीचे कोडे येथे सुटले.

दुसरा नियम विधवांचा. नवऱ्याच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग विधवेला तिच्या हयातीपर्यंत मिळे आणि तिने पुन्हा लग्न केले तरी तो तिच्याकडेच राही. 1262 मध्ये इझाबेल मार्शलचा मुलगा अर्ल रिचर्ड वारला; त्याची विधवा मॉड द लेसी 1289 पर्यंत जगली. म्हणजे तिचा मुलगा गिल्बर्ट, ज्याला तांबड्या केसांमुळे ‘रेड अर्ल’ म्हणत, त्याच्या कारकिर्दीतील सुमारे सत्तावीस वर्षे वडिलोपार्जित मिळकतीचा मोठा भाग आईच्या हाती होता, आणि त्यावरून दोघांत वादही झाले. एखाद्या अर्लच्या हिशेबात एखादे नामांकित ठाणे दिसत नाही, तेव्हा ते विकले किंवा जप्त झाले असा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याची आई किंवा आजी हयात आहे का हे पाहावे. दहापैकी बहुतेक वेळा उत्तर तेथेच मिळते.

रेड अर्लबद्दल थोडे थांबून लिहावे लागेल, कारण पुढच्या वाटणीचा कायदेशीर पाया त्याच्या दुसऱ्या लग्नात आहे. 1264 मध्ये लुइसच्या लढाईत तो राजाविरुद्ध उठलेल्या सायमन द मॉन्टफर्टच्या बाजूने लढला आणि पुढच्याच वर्षी ईव्हशॅमला राजपुत्र एडवर्डच्या बाजूने. 1268 पासून त्याने कारफिलीचा किल्ला बांधायला घेतला. पाण्याने वेढलेला, एकात एक तटांचा तो किल्ला आजही पाहणाऱ्याला थक्क करतो. ग्लॅमॉर्गन हा वेल्सच्या सीमेवरचा मुलूख असल्याने तेथे राजाचे हुकूम सामान्यतः चालत नसत. न्यायालय, दफ्तर आणि प्रसंगी युद्ध करण्याचा हक्कही अर्लचा. असा सरदार कोणत्याही राजाला अस्वस्थ करणारच. गिल्बर्टचा ॲलिस द लुझिन्यानशी झालेला पहिला विवाह 1285 मध्ये रद्द झाला. तिच्यापासून त्याला इझाबेल आणि जोन अशा दोन मुली होत्या. 1290 मध्ये त्याने पहिल्या एडवर्ड राजाची मुलगी जोन ऑफ एकर हिच्याशी लग्न केले, आणि त्यासाठी आपल्या सर्व जमिनी आधी राजाच्या स्वाधीन केल्या. राजाने त्या गिल्बर्ट आणि जोन या दोघांच्या नावे संयुक्तपणे परत दिल्या, त्या दोघांच्या संततीला पुढे मिळतील अशा अटीवर. त्या दोघांना संतती नसेल तर त्या जोनच्या इतर विवाहातील संततीकडे जाणार होत्या.

या एका दस्तऐवजाचे तीन परिणाम झाले. पहिल्या लग्नाच्या दोन मुली वारशातून कायमच्या बाहेर पडल्या. सीमेवरील मारामाऱ्यांबद्दल 1292 मध्ये गिल्बर्टचे ग्लॅमॉर्गनमधील हक्क जप्त करण्याचा निकाल झाला आणि त्याला 10,000 मार्कांचा दंड बसला, तेव्हा जोनचा आणि मुलांचा हक्क आड येत असल्याने ती जप्ती त्याच्या हयातीपुरतीच ठरू शकली. प्रत्यक्षात जमिनी लवकरच परत मिळाल्या. आणि 1295 मध्ये गिल्बर्ट वारल्यावर जोनकडे तृतीयांश नव्हे तर सर्वच जमीन राहिली. तिने 1297 मध्ये राल्फ द मॉन्थर्मर या सामान्य स्थितीतील घोडेस्वाराशी गुपचूप लग्न केले आणि 1307 मध्ये ती वारेपर्यंत तो ग्लॉस्टरचा अर्ल म्हणून वावरला. त्या दहा वर्षांतील कागद वाचणारा नवखा अभ्यासक मॉन्थर्मरला क्लेअर घराण्याचा पुरुष समजतो. तो केवळ अर्लपत्नीचा पती होता.

मुलगा गिल्बर्ट, जन्म 1291, हा 24 जून 1314 रोजी बॅनकबर्नला मारला गेला. वय तेवीस, मूल नाही. मिळकत वर्षाला सुमारे 6,000 पौंडांची; त्या काळात लँकेस्टरचा अर्ल सोडला तर एवढी मोठी सरदारी इंग्लंडमध्ये दुसरी नव्हती. राजाकडून थेट जमीन धारण करणारा मनुष्य वारला की एस्चीटर नावाचा अधिकारी परगण्यापरगण्यात स्थानिक पंच बसवून चौकशी करी : मृताकडे कोणती जमीन होती, कोणत्या सेवेच्या बदल्यात, तिचे वार्षिक मूल्य किती, जवळचा वारस कोण आणि त्याचे वय काय. हे चौकशीचे कागद म्हणजे वंशावळ लिहिणाऱ्याचे मुख्य साधन आहे. त्यातील मूल्ये सहसा वास्तवापेक्षा कमी आणि वये अंदाजी असतात. तरी वारस कोण याबद्दल पंच क्वचितच चुकत, कारण शेजारच्या जमिनीचा धनी कोण होणार हा त्यांच्याही रोजच्या जीवनाचा प्रश्न होता.

येथे भाषेची एक बाब सांगतो. लॅटिन कागदांत ‘नेपोस’ हा एकच शब्द नातू, पुतण्या आणि भाचा या तिघांनाही लागतो. ‘सोरोर’ म्हणजे बहीण, मग ती सख्खी असो की सावत्र. आणि एलिझाबेथ व इझाबेला ही नावे एकमेकांच्या जागी सर्रास येतात. क्लेअरांच्या बाबतीत सख्खी बहीण एलिझाबेथ आणि सावत्र बहीण इझाबेल अशा दोघी एकाच वेळी हयात असल्याने घोटाळ्याला पुरेपूर वाव होता. मी टिपणे मराठीत काढतो, कारण मराठीत नाते लिहिताना नेमके काय ते ठरवल्याशिवाय शब्दच सापडत नाही. पुतण्या की भाचा, हे लिहिण्यासाठी आधी शोधावे लागते, आणि त्या शोधातच अर्धे काम होते.

वारस ठरत होत्या तीन सख्ख्या बहिणी : एलिनोर, मार्गारेट आणि एलिझाबेथ. परंतु मृत अर्लची विधवा मॉड द बर्ग हिने आपण गरोदर असल्याचे जाहीर केले. मूल जन्मले असते तर ते एकटेच सर्वांचे वारस झाले असते, म्हणून वाटणी थांबली. नैसर्गिक मुदत उलटून कितीतरी महिने गेले तरी दरबार हा दावा मान्य करत राहिला. दुसऱ्या एडवर्ड राजाला याचा सरळ फायदा होता; वारस ठरेपर्यंत सगळे उत्पन्न त्याच्या हाती होते, आणि विधवा झालेल्या दोन बहिणींची लग्ने आपल्या मर्जीतील माणसांशी लावण्यास त्याला अवधी मिळाला. एलिनोरचे लग्न 1306 मध्येच धाकट्या ह्यू डिस्पेन्सरशी झाले होते. मार्गारेटचा पहिला नवरा, राजाचा जिवलग पिअर्स गॅव्हस्टन, 1312 मध्ये मारला गेला होता. 1317 मध्ये तिला ह्यू ऑडलीला देण्यात आले. एलिझाबेथ पहिल्या नवऱ्याच्या, जॉन द बर्गच्या, मृत्यूनंतर थिओबाल्ड द व्हर्डनची पत्नी झाली, तोही काही महिन्यांत वारला, आणि 1317 मध्ये तिचे तिसरे लग्न रॉजर डॅमरीशी झाले. वयाच्या बाविसाव्या वर्षी तिसरे लग्न.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वाटणी झाली. ग्लॅमॉर्गन एलिनोर आणि डिस्पेन्सरकडे, टनब्रिज आणि न्यूपोर्टचा मुलूख मार्गारेट आणि ऑडलीकडे, क्लेअर आणि अस्क एलिझाबेथ आणि डॅमरीकडे. विधवेचा तृतीयांशही आधीच तीन भागांत विभागून ठेवण्यात आला, तिच्या मृत्यूनंतर ज्याचा त्याने घ्यावा म्हणून. ती 1320 मध्ये वारली. अर्लपद मात्र वाटता येत नाही. ते राजाकडे पडून राहिले आणि 1337 मध्ये ऑडलीला ग्लॉस्टरचा अर्ल म्हणून नव्याने देण्यात आले.

कागदावर हिस्से समान होते, परंतु डिस्पेन्सरला ते मान्य नव्हते. त्याने मेव्हण्याकडून न्यूपोर्टचा मुलूख बळकावला, 1321 मध्ये सीमेवरील सरदारांनी त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारले, 1322 मध्ये राजाचा जय झाला, डॅमरी मेला, आणि एलिझाबेथला अस्क देऊन त्याबदल्यात कमी मोलाचे गॉवर स्वीकारण्यास भाग पाडले गेले. मेव्हणीला कैदेच्या धाकाने सही करायला लावणाऱ्या या माणसाबद्दल तटस्थपणे लिहिणे मला आजही कठीण जाते. 1326 मध्ये हेरफर्डला त्याचा वध झाल्यावर एलिझाबेथला अस्क परत मिळाले.

एलिझाबेथने चौथे लग्न केले नाही. 1360 पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, ती ‘लेडी ऑफ क्लेअर’ म्हणून स्वतःच्या जमिनींची धनीण राहिली. स्वतःचा वारसा आणि तीन नवऱ्यांकडचे विधवाभाग मिळून तिचे उत्पन्न अनेक अर्लांच्या तोडीचे होते. तिच्या घरखर्चाच्या हिशेबाच्या गुंडाळ्या मोठ्या संख्येने लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात टिकून आहेत. धान्य, मेणबत्त्या, मासळी, पाहुणे, नोकरांचे कपडे, सगळे त्यांत आहे. केंब्रिजमधील जे महाविद्यालय तिने देणग्या देऊन उभे केले त्याला क्लेअर हे नाव मिळाले आणि त्याच्या चिन्हावर क्लेअरांचे सोनेरी पार्श्वभूमीवरील तीन तांबडे कोनपट्टे बर्ग घराण्याच्या चिन्हाशेजारी, भोवती अश्रू शिंपडलेल्या काळ्या कडेसह, आजही आहेत. पुरुषशाखा संपल्यानंतर या घराण्याचे नाव जगाला माहीत राहिले ते तिच्यामुळे.

आता 1314 नंतरची रेघ. तिन्ही बहिणींच्या नावापासून खाली तीन स्तंभ काढावेत आणि आडनाव बदलले तरी थांबू नये. एलिनोरच्या स्तंभात डिस्पेन्सरांच्या चार पिढ्या, मग 1400 मध्ये शिरच्छेद झालेल्या थॉमसची मुलगी इझाबेल, तिची वॉरिकच्या अर्लपासून झालेली मुलगी ॲन बोशाम, आणि तिचा नवरा रिचर्ड नेव्हिल, ज्याला ‘राजे घडवणारा’ म्हणतात. मार्गारेटच्या एकुलत्या वारस मुलीला 1336 मध्ये राल्फ स्टॅफर्डने पळवून नेऊन तिच्याशी लग्न केले. त्यामुळे टनब्रिज आणि न्यूपोर्ट स्टॅफर्डांकडे, म्हणजे पुढच्या बकिंगहॅमच्या ड्यूकांकडे गेले. एलिझाबेथचा मुलगा विल्यम, अल्स्टरचा अर्ल, 1333 मध्ये मारला गेला. त्याची एकुलती मुलगी तिसऱ्या एडवर्डचा मुलगा लायोनेल याची पत्नी झाली, आणि लायोनेलची ‘क्लॅरेन्सचा ड्यूक’ ही पदवी याच क्लेअर गावावरून घेतलेली आहे. त्यांची मुलगी फिलिपा मॉर्टिमर घराण्यात गेली, आणि 1425 मध्ये मॉर्टिमरांचा शेवटचा अर्ल वारल्यावर क्लेअरचा ऑनर यॉर्कचा ड्यूक रिचर्ड याच्याकडे आला. 1461 मध्ये त्याचा मुलगा चौथा एडवर्ड राजा झाला तेव्हा क्लेअर राजघराण्याच्या मालमत्तेत मिसळले.

हे तीन स्तंभ शेजारी शेजारी ठेवून 1483 या वर्षावर आडवी रेघ ओढा. सिंहासनावर तिसरा रिचर्ड आहे, तो एलिझाबेथचा वंशज. त्याची राणी ॲन नेव्हिल एलिनोरची वंशज, आणि तिच्याच वारशाने ग्लॅमॉर्गन त्याच्या हाती आहे. त्याच्याविरुद्ध त्या शरद ऋतूत उठलेला आणि 2 नोव्हेंबरला सॉल्झबरी येथे शिरच्छेद झालेला बकिंगहॅमचा ड्यूक हेन्री स्टॅफर्ड मार्गारेटचा वंशज, टनब्रिज आणि न्यूपोर्टचा धनी. 1317 च्या वाटणीपत्रातील तिन्ही हिस्से तेव्हाही वेगवेगळे ओळखता येतात.